अम्मासाठी उनकेश्वरचं पाणी

पिंपाला रजई शिवली म्हणून हसताय व्हय? हसा! पण तुमाला सांगतो, आख्ख्या नळदुर्गात इतकी मापात बसलेली रजई दुसरी न्हाय. माझ्या, आयुब टेलरच्या हातची हाय, सहा बटनं, वर झाकणाला टोपी... का? तर पाणी गरम ऱ्हायलं पायजे!

आमची अम्मा, हसीनाबी, गुडघ्यानं बेजार. नमाजात सजद्याला वाकली की उठवायला दोघं लागतात. अन् म्हणती, "बेटा, या ईदला मला माझी मी उठायचंय." कुणीतरी सांगितलं, उनकेश्वरला जमिनीतनं गरम पाणी येतंय, त्यात गुडघे बुडवा. झालं, अम्मा गठुडं बांधायला लागली! म्या म्हणलं, "दोन दिवसांचा रस्ता, ट्रकात हाडं खिळखिळी व्हतील तुमची. मीच आणतो की पाणी!" आमच्या गल्लीतल्या दादामियाँचा ट्रक उनकेश्वरकडच्या किनवटला सागवान आणाया चाललाच होता, पिंप घेऊन बसलो!

अहो, काय ते कुंड! खाली चूल न्हाय, लाकूड न्हाय, अन् पाणी वाफाळतंय! आत उतरलो, अन् बारा वर्षं मशीनवर वाकलेली माझी पाठ अशी सैल सुटली, अशी सुटली, की मी वरडलोच, "अम्माऽऽ!" शेजारी एक म्हातारे डोळे मिटून बसलेले, ते दचकले, "कोण बुडालं रं?" कुणी न्हाय हो आजोबा! पिंप भरलं, बटनं लावली, निघालो. पाणी गरम ऱ्हायलं पायजे!

दर दहा मैलाला मी आत बोट घालणार. नांदेडला गरम. लातूरला कोमट. औशाला... गार! थंडीचे दिवस, रजई तरी काय करणार? अन् लोहाऱ्याच्या अलीकडं ट्रकच शिट्ट्या मारायला लागला. दादामियाँ म्हणतात, "रेडिएटर गळतोय. पाणी पायजे, न्हायतर गाडी जळंल." आसपास विहीर न्हाय, ओढा न्हाय, अन् त्यांचे डोळे पिंपावर! म्या पिंपाला मिठीच मारली.

"दादामियाँ, अम्माचे गुडघे हायेत यात!"

"अन् या गाडीवर माझी पाच लेकरं हायेत!"

काय करता? थोडं थोडं करून ट्रकनं आख्खं पिंप पिलं.

घरापुढं उतरलो, रडायचाच बाकी, अन् एकदम डोक्यात आलं... अहो, ट्रकात हायच की पाणी! अन् कसलं? उकळतं! पाणी गरम ऱ्हायलं का न्हाय? रेडिएटरची तोटी सोडली, बादली अम्मापुढं ठेवली. तिनं वाफ बघितली अन् असली खुलली, असली खुलली! मग वास घेतला.

"आयुब, हे कुंडाचं हाय का मोटारीचं?"

सांगितलं सगळं. खोटं कसं बोलू तिच्याशी? तिनं रिकाम्या पिंपावरची रजई चाचपली. मग म्हणती, "पिंपाला अंगाबरोबर रजई शिवलीस. तशीच मला शिवून मलाच न्हेलं असतंस तर?"

आता बोला! परवा निघतोय परत, अम्माला घेऊन. सकाळपासनं टेप घेऊन तिच्या मागं फिरतोय, तर माप घेऊ देईना. म्हणती, "पिंपाचंच लाव, बसंल मला!"