भुरकट मासा

२०२३ सालचा वैशाख होता. पडेगावच्या कादिरभाईंच्या टाकीतले किली, म्हणजे शोभेचे छोटे मासे, उन्हानं मेले. आदल्या वर्षी त्यांनीच मला एक जोडी दिली होती, पिल्लं झाली की जोडी परत करायची या बोलीवर. मी दोन मासे निवडून बरणीत घालून नेले. दोन्ही गर्द निळे, शेपटीला केशरी काठ.

कादिरभाई बरणीकडं बघत राहिले. "रावसाहेब, हे काय आणलं?"

"तुम्ही मला एक रंगीत दिला, एक भुरकट. मी दोन्ही रंगीत देतोय. मी कमी देणारा माणूस नाय."

"अन् अंडी कोण घालणार? तुम्ही का मी?"

मला काही उमजेना.

"दोन्ही नर हायेत. भुरकट असती ती मादी. तुमच्याकडं झाल्या नाय का?"

"लई झाल्या. खराब निपजल्या म्हणून शेजारच्या हौदात सोडल्या, डासांसाठी."

कादिरभाईंनी डोक्याला हात लावला. मी बरणी तिथंच ठेवून चहा न घेता उठलो.

संध्याकाळी चहाची गाळणी घेऊन मी हौदावर वाकलो होतो. शेजारीण म्हणाली, "काका, काय हरवलं?"

"नवरी."

दुसऱ्या दिवशी एक भुरकट मासा कादिरभाईंकडच्या त्या बरणीत सोडला आणि घरी आलो.