गिटारच्या दांडीवरचे पक्षी

गिटारच्या रंगानं, नक्षीनं काय फरक पडतो, असं तुम्ही विचारताय ना? मग हे ऐका. पिपलानीचे मुळे साहेब लेकीला घेऊन माझ्या दुकानात आले. सानिकाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. मी दोन समोर ठेवल्या. कंपनी तीच, किंमत तीच. एक अगदी साधी, दुसरीच्या दांडीवर पांढऱ्या पक्ष्यांची नक्षी. पोरीची नजर काही त्या पक्ष्यांवरून हलेना.

मुळे साहेब जन्मभर कारखान्यात इंजिनीअर. म्हणाले, "हे पक्षी काय गाणार आहेत? तू पाठ फिरवून उभी राहा. भाऊ दोन्ही वाजवतील. कधी कुठली वाजते, ते ओळख."

मी वाजवल्या. तिला काही ओळखता आलं नाही.

"बघ! फरक शून्य. भाऊ, साधीच पॅक करा."

"फरक शून्य आहे ना बाबा? मग पक्षीवालीच घेऊ या की!"

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. पक्षीवाली गेली.

पुढच्या महिन्यात साहेब एकटेच आले, खांद्यावर गिटार. रुमालाची घडी उलगडून त्यांनी एक एवढासा पक्षी काउंटरवर ठेवला. "हा निघाला. आजच चिकटवून द्या."

मला राहवेना. "साहेब, आवाजात काही फरक पडला का हो?"

"आवाज कुठून कळणार? पक्षी पडल्यापासून सानिका गिटार हातातच घेत नाहीये."