कोंबडीचे हात

अहो, नळ बंद करा आधी! बंद करा म्हणते ना, मास्तर — कोंबडी आहे ती, तिला आंघोळ घालायची नसते. घाण? जाते की, आचेवर नीट शिजली की जातं सगळं. पाण्यानं काय होतं, थेंब उडतात — त्या धुतलेल्या ताटांवर, माझ्या चहाच्या कपावर, तुमच्या त्या कडक इस्त्रीच्या शर्टावर — आणि मग कोंबडी राहते पातेल्यात अन् तिचे जंतू हिंडतात घरभर. आमचे हे पण असेच — गेले बिचारे, कोंबडीनं नाही गेले, घाबरू नका, हृदयानं गेले — नळ सोडून चोळत बसायचे तिला, जसं काही फोटो काढायला न्यायचंय.

ती फळी नको, ती काकडी-टोमॅटोची. कोंबडीला ही पांढरी. सुरीही वेगळी. हो, फळ्या दोन, सुऱ्या दोन आणि राहणारं माणूस एक — हसा, हसा. कापण्यात तुमचा हात कोण धरणार, जन्मभर भल्याभल्यांचे कोट बेतलेत, पण कापडाला जंतू नसतात. आणि काकडी आधी चिरून झाकून ठेवायची, कोंबडी मागनं. नातवाच्या वाढदिवसाचं सांगितलं नाही का मी? माझ्या मुलानं — हौस दांडगी ना — चिकन कापलं, सुरी फडक्याला पुसली, फडक्याला हो! — आणि त्याच फळीवर काकडीच्या चकत्या केल्या. अख्खी पार्टी आडवी! संडास एक आणि माणसं ही एवढी. आमचे व्याही, काय तो रुबाब एरवी, बादली मांडीत घेऊन बाल्कनीत बसलेले. नातवाला मात्र सलाईन लावलं. एवढासा हात हो, त्यात ती सुई — तेव्हा नाही हसू आलं मला. तेव्हापासून मी ही अशी. सून म्हणते, सासूबाईंना वेड लागलंय. लागलंय तर लागलंय.

आज मुलगा-सून जेवायला येणार म्हणजे कुणाचं पोट बिघडता कामा नये. पोट बिघडलं की माणसं त्या घरातलं सगळंच वाईट ठरवतात, तुम्हालासुद्धा. तुम्हाला म्हणजे — आपलं असंच. खालच्या मजल्यावरचे शेजारी, निवृत्त टेलर, अशी ओळख करून द्यायची, दुसरं काय.

फोन वाजतोय — मुलाचाच असणार. मी कशी घेऊ, माझे हात कोंबडीचे आहेत. तुम्ही घ्या — थांबा, तुमचेही हात कोंबडीला लागलेत! साबण लावा. नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून, असं वरवर नको. हं, पुसा. आता ते हिरवं दाबा, आणि स्पीकर. धरा माझ्यासमोर.

बोल रे. निघालात ना? ...का? ...कोण माणूस? अरे हळू बोल — नाही, स्पीकर नाही बंद करता येत मला, हात — मास्तर, ठेवा तो ओट्यावर — नको, ओट्यावर नको, ओटा पुसायचाय अजून! धरा तसाच. — काय म्हणालास? फ्लॅटवर डोळा? त्या माणसाचा? अरे, त्या माणसाला समोर बसलेली बाई दिसत नाही, फ्लॅट कुठला दिसायला! ...लोक? तुझे बाबा गेल्यापासून मी इथे ओट्याशी उभी राहून जेवते, पातेल्यातच चमचा घालून, ताट कशाला खराब करायचं म्हणून — तेव्हा काय म्हणाले लोक? तू काय म्हणालास? ...नाही यायचं तर नका येऊ. आणि ऐकून ठेव, आम्ही लग्न करतोय. हो, ठरलंय. ...ठेवला. ठेवला बघा त्यानं.

असे बघू नका माझ्याकडे. फोन ठेवा तिकडे टेबलावर, पडेल हातातून. निघून गेलं हो तोंडातून, राग आला की मला भान राहत नाही. ठरलंबिरलं काही नाही, तुम्ही तर विचारलंसुद्धा नाहीत, माहितीये मला. कसे विचाराल? एवढी ब्लाऊजं मी तुमच्याकडे घेऊन आले, हे सैल करा, ते घट्ट करा — एकालाही काही झालेलं नव्हतं, मास्तर! एकालाही! मापं घेता घेता हात दुखले असतील तुमचे, पण डोक्यात उजेड म्हणून पडला नाही. जाऊ दे, घरी जा तुम्ही आता. एवढं मांस मी फ्रीजमध्ये ठेवीन, खालच्या कप्प्यात, झाकून, म्हणजे दुसऱ्या कशावर पाणी गळत नाही — जा म्हणते ना — अहो, इकडे कुठे? दार तिकडे आहे. अहो, हात नका धरू, कच्च्या मांसाचे आहेत — आत्ता धुतलेत ना तुम्ही, अहो मास्तर —

...परत वाजतोय फोन. वाजू दे. दोघांतलं कोण उचलणार आता?