टॉवेलखालचा गाल

डेल्बर्टच्या थोरल्या नातीचं लग्न झालं ते १९७९ साल. जूनमधल्या लग्नाच्या सकाळी आयोवातल्या गावच्या न्हाव्याकडे तो तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडला होता. मागच्या बाकावर दोन परगावचे म्हातारे जुन्या बेसबॉलच्या गप्पा मारत होते.

"इथला डेल्बर्ट काय चेंडू टाकायचा!"

"टाकायचा, पण आम्हा फलंदाजांना आधीच कळायचं. चेंडू वळवायचा असला की डावा गाल फुगवायचा."

"त्याला कुणी सांगितलं नाही?"

"आम्ही विरुद्ध संघातले, आम्ही कशाला सांगू?"

"फलंदाजामागे चेंडू झेलणारा त्याचा कॅचर ऑर्विल तर समोरच बसायचा."

"त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला स्वतः म्हणाला."

"मग गप्प का बसला गाढव?"

"दर गुरुवारी दोघं पैसे लावून पत्त्यांचा पोकर खेळायचे. हातात काही नसताना थाप मारायची असली की डेल्बर्टचा तोच गाल फुगायचा. मैदानावरची खोड मोडली असती, तर पत्त्यांतलीही मोडली असती ना."

"आणि बिचाऱ्याला मोठ्या संघानं अकरा दिवसांत घरी पाठवलं."

न्हाव्यानं टॉवेल काढून वस्तरा उचलला.

"गाल सैल सोडा, डेल्बर्ट."

बाकावरच्या दोघांनी आरशातल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

ऑर्विल त्याच वर्षी सतरा मार्चला वारला होता. त्याच्या शवपेटीला पुढचा खांदा डेल्बर्टनं दिला होता.