प्रभूच्या मेजाची पोळी

मी इकडचीच, कुरुंद्याच्या अंगाला आमचं गाव, आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवापासून आमी ख्रिस्ती, पण मजुरी काही सुटली न्हाई, हळदीच्या रानात हातात खुरपं अन् तोंडात देवाची गायनं. माझा मालक वारला तवा मी भर जवानीत, लेकरू न्हाई, बाळ न्हाई. आमच्या देवळाच्या, म्हंजी चर्चच्या, पाळकसाहेबाच्या बाईनं मला जवळ केलं, म्हणाल्या मार्था, तू माझी पाठची बहीण. मी त्यांना अक्का म्हणायची. प्रभुभोजनाच्या पोळीचं काम त्यांनीच मला दिलं.

काय सांगू तुम्हाला, लई मानाचं काम ते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणून आदल्या शनवारी न्हाऊन-धुऊन कणीक मळायची, मीठ न्हाई, खमीर न्हाई, माझ्याच घरी तवा निराळा ठेवलेला, पातळ पोळी भाजून पांढऱ्या फडक्यात बांधायची. पाळकसाहेब ती मोडायचे, तुकड्यांचं ताट साऱ्यांपुढून फिरायचं, प्रभूचं शरीर म्हणून जो तो एकेक खायचा अन् माझ्या अंगावर काटा यायचा.

अक्काचा भाऊ मास्तर व्हता, देवळात पेटी वाजवायचा. गळा गोड अन् नजर घाण. दुष्काळ सरला त्या साली, शनवारी भर दुपारी मी पोळी करून राहिले अन् हा मागच्या दारानं आत, हातच धरला माझा, म्हणतो तू एकटी, कुणाला काय कळतंय. मी तापलं उलथनं हाणलं मनगटावर, मुडदा बशिवला त्याचा! तेवढ्यात दारात अक्का. सगळं बघितलं त्यांनी. मला छातीशी धरलं, रडल्या, म्हणाल्या साहेबाला मी बराबर सांगते, तू गप बस. अन् मी बसले वो गप.

दुसऱ्या दिवशी देवळात पाळकसाहेबानं माझंच नाव घेतलं. म्हणाले ही विधवा पुरुषाला मोहात पाडून राहिली, उभी राहून पाप कबूल कर, न्हाई तर प्रभुभोजन बंद. मास्तर पेटीमागं, मनगटाला चिंधी. त्याला एका शब्दानं इचारलं न्हाई, काहून? पुरुष ना तो. मी म्हटलं अवो अक्का, तुमी व्हता ना तिथं, सांगा ना. सारं देऊळ तिच्याकडं बघून राहिलं अन् तिनं गायनाचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं. ताट माझ्या पुढून गेलं. पोळी माझ्या हातची, अन् मलाच न्हाई.

मास्तर तर तसलाच, त्याचं काय घेऊन बसता. पण अक्का! पाठची बहीण म्हणाली व्हती ती मला.

अन् पुढं ऐका. महिन्यानं ती आली दाराशी, म्हणाली मार्था, कुणालाच जमंना, पोळी जाड होऊन राहिली, तेवढी करून दे. हसावं का रडावं सांगा! मी म्हटलं करते, पण आधी देवळात उभं राहून खरं सांगा. म्हणाली मला नवरा हाय, संसार हाय. म्हटलं मग तुमच्या भावाला सांगा लाटायला, हात लई चालतो त्याचा.

आता पाळकसाहेब थकले, अक्का इथंच मागच्या गल्लीत राहती. नवे पाळक तरणे हायती, म्हणतात बाई, एकदा क्षमा मागा, मिटवून टाकू. कशाची मागू वो? मी देवळात जाते, दाराशी बसते, गायनं म्हणते, ताट पुढून जातं. आता हिंगोलीहून पाव आणतात म्हणे.

शनवारी मात्र मी त्याच तव्यावर एक पोळी करते. प्रार्थना करून मोडते, अर्धी खाते, अर्धी अक्कासाठी झाकून ठेवते. खरं बोलून आली तर देईन, देवाशप्पथ देईन, पोटभर रडीन तिच्या गळ्यात पडून. न्हाई आली की सकाळी कोंबड्यांना टाकते.