बाण हलतोय तवर

न्हाय साहेब, तसं न्हाय. ‘ऑपरेटरनं पडद्याकडं दुर्लक्ष केलं’ असं लिवताय ते आधी खोडा. बावीस गाळपं झाली मला ह्या साखर कारखान्यात, ह्याच खुर्चीत, आन् पडद्यावरची नजर म्या कधी काढली न्हाय — आत्ताबी बगा, बोलतोय तुमच्याशी, डोळा तिथंच हाय. हा बलभीम झोपणारा गडी न्हाय, आमच्या बेंबळी गावात कुणालाबी इचारा. एक नंबरच्या बॉयलरच्या नळ्या फुटल्या तवा दुपारचे सव्वादोन झाले व्हते, म्या जागा व्हतो, हात माऊसवर व्हता, आन् हा पांढरा बाण लोण्यावानी फिरत व्हता. धोक्याची खूण म्हणाल तर काय बी दिसली न्हाय. हे पैलं लिवा.

बाणाचं काय, म्हणताय? सांगतो — पेन ठिवा जरा, ऐका. बॉयलरातलं पाणी किती, वाफेचा दाब किती, सगळं ह्या पडद्यावर आकड्यात येतं. काँप्युटर जुना. आकडे लई आले की पडदा अडायचा, सगळं जागच्या जागी, माऊस ढकलला तरी बाण हलायचा न्हाय. मग आमची रीतच पडली — दर दोन-चार मिनिटांनी माऊस जरा ढकलून बगायचा. बाण हलला, पडदा जित्ता. बाण अडला की म्या ह्या खिडकीतनं खाली वरडणार, ‘वीरभद्रा, काच बग’ — बॉयलरच्या अंगावर पाण्याची काच हाय न्हवं, ती — आन् खालचा फायरमन वीरभद्र पातळी बगून बोटं दाखवणार. कुठं लिवलेलं न्हाय, कुणी शिकवलेलं न्हाय. पाणी कमी झाल्यावर वाजायचा भोंगा तर दोन गाळपं झाली, बंदच हाय. तिन्ही पाळ्या ह्याच रीतीवर चालायच्या, आन् बरं चाललं व्हतं.

मग म्याच शाणपणा केला. कुणी सांगितला व्हता? कुणीच न्हाय. उत्कर्षला म्हणलं — माझा पुतण्या, तुमी ज्याचा लॅपटॉप नेला त्यो — म्हणलं, बाबा, ह्या अडणाऱ्या पडद्याचा लई वैताग हाय, काय तरी कर. त्याचं कामच ते. काँप्युटरवर पडदा दाखवायची जी यंत्रणा असती, ती कुण्या एका कंपनीची न्हाय, उघडी हाय, जगभरची पोरं मिळून लिवतात, कुणीबी वाचावी, कुणीबी सुधरावी. आमचं पोरगं बेंबळीत माळवदावरच्या खोलीत बसून त्यात हात घालतं. त्यानं मला समजावलं — काका, लग्नात एकच माणूस दारात ‘या, बसा’ म्हणायला आन् तोच पंगतीत वाढायला. वाढण्यात गुतला की दारात पाव्हणे उभेच. म्हणून दोघं ठिवायचे. एक फकस्त दारात, माऊस आन् बाण सांभाळायला. दुसरा आत, चित्र काढायला. आतला कितीबी गुतू दे, दारातला थांबणार न्हाय. आन् तसंच झालं. पैल्या दिवशी बाण असा पळाला की तिन्ही पाळ्यांना पेढे वाटले म्या. परदेशातल्या लोकांनी त्याचं काम यंत्रणेत घेतलं, म्या गावात छाती काढून फिरलो.

पण दारातला ‘या, बसा’ म्हणतोय म्हणून आत भात शिजलाय असं थोडंच हाय? त्या दिवशी अकरा मिनिटं आकडे मेलेले व्हते, साहेब. पाणी तळाला चाललेलं, आन् पडद्यावर मघाचाच आकडा. बाण हलतोय म्हणून म्या वरडलो न्हाय, म्या वरडलो न्हाय म्हणून वीरभद्रानं काच बगितली न्हाय. सोलापूरला दवाखान्यात हाय तो, छातीवर कातडी उरली न्हाय. त्याची बायको करिश्मा माझ्या तोंडाकडं बगत न्हाय. घरी उत्कर्ष चार दिस झाले धड जेवत न्हाय, आन् तुमच्या कागदात सगळ्यात वर त्याचंच नाव हाय. त्याला गुतवू नका एवढंच म्हणणं हाय माझं. त्यानं तर मला आधीच सांगितलं व्हतं —

काय? व्हय. सांगितलं व्हतं. म्हणला, काका, आता बाणावर इसंबू नका, पडदा मेला तरी तो हलत ऱ्हाईल. म्हणून उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका ठिवला व्हता त्यानं. आतला गुतला की दारातलाच गडी तो लावणार. आता मघाचं माझं ‘खूण दिसली न्हाय’ ते ऱ्हाऊ द्या. दिसली न्हाय हे खरंच हाय, साहेब. तो ठिपका दिवसातनं धा-धा बार लागायचा, दोन सेकंद लागला की गेला, लागला की गेला. डोळ्यात खुपायचा. मग सोनारीला गेलो व्हतो, काळभैरवाचं स्टिकर आणलं, म्हणलं लाल ठिपक्यापरीस देव बरा. तिथंच चिकटवलं. वाईट मनानं न्हाय केलं. कोण करंल?

लिवा. आता लिवाच. माझं नाव घाला, पोराचं खोडा.

स्टिकर आजून का काढलं न्हाय, म्हणताय? हात उचलत न्हाय. काढलं की सगळ्यांना दिसंल, म्या काय झाकलं व्हतं ते. दोन नंबरचा बॉयलर ह्याच पडद्यावर हाय, गाळप कुणासाठी थांबत न्हाय. माऊस ढकलतोच की म्या, सवय जात न्हाय. खाली नवा गडी दिलाय परवापासनं. काच बग म्हणून वरडाय गेलो की तोंडात वीरभद्राचंच नाव येतं, म्हणून गप बसतो.

नख लावू नका, साहेब. देवाचं हाय. बरं — सोडवा. कडेकडेनं सोडवा.

लाल हाय.

तुमी आलात तवा चार वाजले व्हते. दोन नंबरच्या पाण्याचा आकडा तवाबी हाच व्हता.

वही ऱ्हाऊ द्या. ह्या जिन्यानं न्हाय, मागल्या दारानं उतरा आन् पार गेटापतोर थांबू नका. माझं इचारू नका. मला खिडकीतनं वरडायचंय — आन् त्या नव्या गड्याचं नाव म्या आजून इचारलेलं न्हाय. जावा म्हणलं ना.