अर्ध्या मिशीचं शून्य

—उजवी होती की डावी? थांब जीवन, वस्तरा जरा लांब धर, मला आठवू दे. चांगदेवची अर्धी मिशी तूच उतरवलीस ना? मग तुला ठाऊक असणार. मला डावी वाटते, पण मी त्याला बघतो समोरून, म्हणजे माझी डावी ती त्याची उजवी — चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं आणि एवढं नक्की सांगता येत नाही. असो. बाजू महत्त्वाची नाही. वस्तरा तुझा होता, पण मिशी मी उतरवली.

हसू नकोस, गाल कापशील. बैलगाड्यांची शर्यत आठवते? बंदी यायच्या आदल्या वर्षीची, किनाऱ्यावरची. भरती चढत होती, वाळू अरुंद, म्हणून गाड्या एकेक करून सोडल्या. मग पहिलं कोण, हे डोळ्यांना कसं कळणार? नाहीच कळणार. दिनानाथ गुरुजी घड्याळ बघून वेळ ओरडायचे, वहीत टिपायचे, आणि मी लॅपटॉपवर आकडे दाबायचो. प्रोग्राम माझा, सी भाषेतला. आता बघ, तू चारचं बटण दाबलंस तर यंत्राला चार मिळतात का? नाही! अक्षर मिळतं, त्याचा क्रमांक बावन्न. त्यातून अठ्ठेचाळीस वजा करायचे, तेव्हा कुठे चार. ते मी केलं — नक्की केलं, तीनदा तपासलं. अक्षराचा आकडा करताना मी चुकलो नाही रे. आकडा परत कागदावर उमटवताना चुकलो.

चांगदेवची गाडी आली एक्केचाळीस सेकंद आणि वर पाच शतांश. म्हणजे एक्केचाळीस, टिंब, शून्य, पाच. पण शतांश मी वेगळे ठेवले होते, आणि यंत्राच्या लेखी शून्य पाच म्हणजे नुसते पाच. दोन घरं राख, रिकाम्या घरात शून्य भर, असं त्याला बजावावं लागतं. दोनच खुणा जास्त लिहायच्या. मी नाही लिहिल्या. चिठ्ठी निघाली — एक्केचाळीस टिंब पाच. माइकवाला ओरडला, "साडेएक्केचाळीस!" रामचंद्रच्या गाडीची एक्केचाळीस टिंब बारा. झालं, गुलाल रामचंद्रला. गुरुजी का नाही बोलले? त्यांना वाटलं, सरांनी त्यातूनही काहीतरी वजा केलं असेल.

आणि त्या दोघांची पैज काय, तर हरेल त्याने अर्धी मिशी काढायची आणि दुसऱ्याला हरवेपर्यंत वाढवायची नाही. मी म्हटलं चांगदेवला, एकदा गुरुजींची वही बघू या. तर तोच म्हणतो, "ऱ्हाऊ द्या सर, मानूस खोटा बोलंल, कंप्युटर बोलनार न्हाय." मला बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. पुढे बंदीच आली — शर्यत नाही तर हरवणार कुठे? मुलीच्या, कल्पिताच्या लग्नात बाप अर्ध्या मिशीने उभा, आणि व्याही त्याच्याशी बोलायला बरोबर मिशीच्या बाजूने यायचे. बंदी उठली तोवर बैल म्हातारे. गेल्या वर्षी रामचंद्रच गेला. आता मेलेल्या माणसाला हरवायचं कसं? म्हणून तर आलोय. चारला येतो ना चांगदेव, दर तिसऱ्या दिवशी? आज त्या बाजूला वस्तरा लावू नकोस. त्याने विचारलं तर सांग, गुरुजींची वही परवा सापडली. माझं नाव घे. नको, नको घेऊ — घे.

किती वाजले? चार? फेस पूस पटकन, मी मागच्या दाराने — ये. ये चांगदेव. बस, माझ्याच खुर्चीत बस. जीवनकडे काय बघतोस, तो काही सांगणार नाही, मी सांगतो. वहीत तुझ्या नावापुढे पेन्सिलीने शून्य पाच लिहिलंय. तू जिंकला होतास. आणि ती वही मी परवा नाही पाहिली. तीन वर्षं झाली.